नाव कोल्बीचं, कुत्रा कोणाचा?

वाचकांचे प्रश्न

अमेरिकन पिटबुल टेरियर या कुत्र्याच्या ब्लडलाइनबद्दल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या घराण्यांबद्दल, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची पत्रं बरेच दिवस साठली होती. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तिथे एकच पत्र घेतलं आहे. विकणाऱ्यांची आणि केनेलची नावं पत्रांतून काढून टाकली आहेत.

प्रश्न : ओळखीच्या एका ब्रीडरकडे पिटबुलची पिल्लं आहेत. ‘शंभर टक्के कोल्बी ब्लडलाइन’ असं सांगून तो इतरांच्या दुप्पट पैसे मागतो. कोल्बी म्हणजे नक्की काय आणि जास्त पैसे द्यावेत का?
– एक वाचक, पावस

उत्तर : कोल्बी हे एका माणसाचं आडनाव. जॉन पी. कोल्बी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यूबरीपोर्ट गावचा. १८८९ च्या सुमारास त्याने कुत्र्यांची पैदास सुरू केली आणि १९४१ मध्ये तो वारला तोपर्यंत ती चालू होती. पुढे घरच्यांनी, विशेषतः मुलगा लुई याने, ती सांभाळली.

त्याचं नाव एवढं का झालं हे समजायला थोडं मागे जावं लागतं. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने बैलावर कुत्रे सोडण्याच्या खेळाला बंदी आली. तो खेळ उघड्यावरचा, लपवता न येणारा. कुत्र्यांच्या झुंजी मात्र तळघरात किंवा गुत्त्याच्या मागच्या खोलीत लावता येत, म्हणून शौकीन तिकडे वळले. त्या कामासाठी जुना बुलडॉग आणि चपळ टेरियर यांच्या संकरातून मध्यम अंगाचा, आखूड केसांचा कुत्रा तयार झाला. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड-इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तो सोबत नेला. त्यातही कॉर्क आणि केरी या आयरिश परगण्यांतली घराणी आपले कुत्रे फार जपत. पिल्लू द्यायचं तर नात्यात किंवा खास दोस्ताला, बाहेरच्याला नाही. कोल्बीने नेमकं उलट केलं. पैसे मोजेल त्या कोणालाही त्याने पिल्लू विकलं. जुन्या मंडळींना ते अजिबात रुचलं नाही, पण बोस्टनच्या आसपास अडकलेलं ते रक्त देशभर पसरलं ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. पिंचर नावाचा त्याचा नर अनेक जुन्या पेडिग्रींच्या, म्हणजे वंशावळींच्या, तळाशी सापडतो.

तुमच्या ब्रीडरचा दावा इथेच पातळ होतो. बहुतेक जुन्या लाइनींच्या मागे कुठे ना कुठे कोल्बीचा कुत्रा आहेच. सहाव्या पिढीतल्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी १/६४, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. तेवढ्यावर पिल्लाला कोल्बी म्हणायचं तर अमेरिकेतले निम्मे पिटबुल कोल्बी ठरतील. पहिल्या तीन पिढ्यांतले १४ कुत्रे बघा, म्हणजे आई-बाप, चार आजी-आजोबा आणि आठ पणजी-पणजोबा. त्यांतले किती कोल्बी घराण्याने स्वतः काढले, हे विचारा. ‘शंभर टक्के’ म्हणजे चौदाच्या चौदा. तसं असेल तर ब्रीडर नोंदणी क्रमांक लगेच दाखवेल. तो ‘कागद मागाहून येतील’ म्हणाला तर ते साधं पिटबुलचं पिल्लू समजा आणि साध्या पिल्लाचेच पैसे द्या.

प्रश्न : हापूसचं कलम बांधलं की झाड आईच्याच गुणाचं येतं, म्हणून तर आम्ही कोणत्या बागेतलं कलम ते विचारून घेतो. ब्लडलाइनचंही तसंच समजायचं का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : उदाहरण तुम्ही चांगलं दिलंत, फक्त ते उलट्या बाजूने लागू पडतं. कलम म्हणजे त्याच झाडाची काडी, त्यात नवीन काही मिसळत नाही. कुत्र्याचं पिल्लू बाठ्यातून उगवलेल्या झाडासारखं असतं. आईकडून निम्मं आणि बापाकडून निम्मं येतं, पण त्या निम्म्यात नेमकं काय आलं हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून एकाच वेतातली दोन पिल्लं अंगाने आणि स्वभावाने इतकी निराळी निघतात.

हिशोब असा. आई-बापाचा वाटा ५० टक्के, आजोबाचा २५, पणजोबाचा १२.५, चौथ्या पिढीत ६.२५ आणि पाचव्या पिढीत ३.१२५. आई-बापानंतरचे हे आकडे सगळे सरासरीचे. एखाद्या पिल्लाला आजोबाकडून ३० टक्के येईल, त्याच्या भावाला २०. पाचव्या पिढीतला नामांकित नर पिल्लात जवळजवळ उतरलाच नाही, असंही होतं.

मग लाइन टिकते कशी? एकच चांगला कुत्रा पेडिग्रीत पुनःपुन्हा आणून. तो चौथ्या पिढीत तीन ठिकाणी आला तर त्याचा वाटा ६.२५ गुणिले ३, म्हणजे १८.७५ टक्के होतो, पणजोबा आणि आजोबा यांच्या बरोबर मधला. याला लाइनब्रीडिंग म्हणतात. पण नुसतं नाव पुन्हा आणून भागत नाही. प्रत्येक वेतातून कोणतं पिल्लू पुढे ठेवायचं आणि कोणतं नाही, ही निवड एकाच माणसाच्या नजरेने वर्षानुवर्षं व्हावी लागते. तो माणूस गेला किंवा त्याची आवड बदलली की तीन-चार पिढ्यांत कुत्रे बदलतात. नाव मात्र तेच राहतं.

प्रश्न : लाल नाकाचा पिटबुल हा जुन्या आयरिश ‘ओल्ड फॅमिली रेड नोज’ लाइनचाच असतो का? माझ्या कुत्र्याचं नाक तांबूस, डोळे मधासारखे आणि नखंही लालसर आहेत.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. तांबूस नाक, फिकट डोळे आणि लालसर नखं हे सगळं एकाच अप्रभावी जनुकाचं काम आहे. दोन्हीकडून तो आला की अंगात काळा रंगद्रव्य तयारच होत नाही आणि त्या जागी तपकिरी येतो. काळ्या नाकाच्या दोन कुत्र्यांमध्ये तो दडलेला असेल तर त्यांचंही सरासरी चारांत एक पिल्लू लाल नाकाचं होतं. तो कितीही पिढ्या गुपचूप चालत राहू शकतो. म्हणून नाकावरून घराणं ओळखता येत नाही.

खऱ्या रेड नोज लाइनची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. विल्यम लाइटनर हा अमेरिकेतला जुना ब्रीडर. कुत्र्यांची आवड त्याच्या घरात आधीच्या पिढ्यांपासून होती. त्याच्याकडचे आयरिश वळणाचे लाल नाकाचे कुत्रे नावाजलेले. पण ते अंगाने मोठे होत चाललेत असं त्याला वाटलं आणि लाल नाकही त्याला फारसं आवडत नसे. त्याने ती सगळी लाइन सोडून दिली आणि लहान चणीचे, गडद रंगाचे कुत्रे घेऊन नव्याने सुरुवात केली. सोडून दिलेले लाल कुत्रे इतरांनी गोळा केले. बॉब हेम्फिल आणि डॅन मॅकॉय ही त्यातली ठळक नावं. पुढे आर्कान्सामधल्या बॉब वॉलेसने ती लाइन विझू नये म्हणून खटपट केली.

याचा अर्थ जुन्या पेडिग्रीत ‘लाइटनर’ हे एकच नाव दोन अगदी वेगळ्या कुत्र्यांना लागलेलं आहे. एक मोठा, लाल नाकाचा. दुसरा लहान आणि गडद. साल बघितल्याशिवाय त्या नावाचा अर्थ लागत नाही. ब्लडलाइनच्या नावावर डोळे झाकून पैसे मोजणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवलं तरी पुरे.

प्रश्न : अलिबागला सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांकडे ‘पिटबुल’ म्हणून जे दिसतात त्यांतले काही बुटके आणि रुंद, काही उंच आणि सडपातळ. हे सगळे एकच का?
– एक वाचक, नागाव

उत्तर : नाहीत. मूळ एक असलं तरी नोंदवह्या वेगळ्या आणि ध्येयंही वेगळी.

१८९८ मध्ये चॉन्सी बेनेट याने मिशिगनमधल्या कॅलमझू इथे युनायटेड केनेल क्लब, म्हणजे यूकेसी, सुरू केला. पहिली नोंद झाली त्याच्या स्वतःच्या ‘रिंग’ या पिटबुलची. १९०९ मध्ये अमेरिकन डॉग ब्रीडर्स असोसिएशन, म्हणजे एडीबीए, निघाली. तिचा पहिला अध्यक्ष गाय मॅकॉर्ड हा कोल्बीचा दोस्त होता. अमेरिकन केनेल क्लब या बड्या संस्थेला मात्र ‘पिट’ (झुंजीचा आखाडा) हा शब्दच नको होता. १९३६ मध्ये त्यांनी हेच कुत्रे स्टॅफर्डशायर टेरियर या नावाने घेतले आणि १९७२ मध्ये त्याला ‘अमेरिकन’ जोडलं. तो आजचा अॅमस्टाफ. म्हणजे १९३६ ला एकाच वेतातले दोन भाऊ दोन संस्थांच्या कागदांवर दोन जातींचे होऊ शकत होते. त्यानंतर एक शाखा प्रदर्शनासाठी निवडली गेली. क्लिफर्ड आणि अल्बर्टा ऑर्म्सबी यांची एक्स-पर्ट लाइन ही त्यातली मोठी. दुसरी शाखा टेक्सास, ओक्लाहोमा, लुइझियाना या भागांतल्या जुन्या धर्तीच्या लोकांकडे राहिली. मॉरिस कार्व्हर, अर्ल ट्यूडर, फ्लॉइड बूद्रो ही नावं तिकडची. ट्यूडरचा डिबो आणि बूद्रोचा एली हे नर आजही पेडिग्रींत सारखे भेटतात.

बुटका आणि रुंद जो दिसतो तो बहुधा अमेरिकन बुली. ही १९९० च्या दशकातली नवी जात. तिचा पाया बराचसा अॅमस्टाफ रक्ताचा. डेव्ह विल्सनची रेझर्स एज आणि हुआन गोटी या नरावरून आलेली गोटीलाइन या तिच्या दोन प्रसिद्ध लाइनी. २००४ मध्ये तिच्यासाठी अमेरिकन बुली केनेल क्लब, म्हणजे एबीकेसी, ही वेगळी संस्था झाली आणि २०१३ मध्ये यूकेसीनेही तिला स्वतंत्र जात मानलं. तेव्हा ‘गोटीलाइन पिटबुल’ असं कोणी म्हणालं तर त्याला दोहोंतलं एकही नीट माहीत नाही, असं खुशाल समजा.

ओळखायला वजनकाटा पुरतो. यूकेसीच्या मानकात पिटबुल नर साधारण १६ ते २७ किलो, मादी १३.५ ते २२.५ किलो. थोडं इकडेतिकडे चालतं. पण ४५-५० किलोचा कुत्रा दाखवून कोणी पिटबुल म्हणत असेल तर तो दुसरं काहीतरी विकतो आहे.

एक व्यावहारिक गोष्ट. केनेल क्लबांची जागतिक संघटना एफसीआय पिटबुलला जात म्हणून मानत नाही, अॅमस्टाफला मानते. म्हणून भारतीय कागद हातात आला की त्यावर जातीच्या रकान्यात काय छापलंय ते आधी वाचा. विकणारा काय म्हणतो ते नंतर.

प्रश्न : पेडिग्रीत कुत्र्यांच्या नावाआधी पीआर, सीएच, जीआर सीएच, नावानंतर आरओएम असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय?
– एक वाचक, मालवण

उत्तर : पीआर म्हणजे पर्पल रिबन, यूकेसीची खूण. मागच्या ठरावीक पिढ्या त्यांच्याच वहीत नोंदलेल्या आहेत, एवढंच ती सांगते. कुत्रा चांगला की वाईट, याबद्दल ती काही बोलत नाही.

सीएच मध्ये फसगत होते. यूकेसी किंवा एडीबीएच्या कागदावर ते प्रदर्शनातलं चॅम्पियनपद. खाजगी, ऑनलाइन मिळणाऱ्या पेडिग्रींत मात्र सीएच म्हणजे तीन झुंजी जिंकलेला आणि जीआर सीएच म्हणजे एकही न हरता पाच जिंकलेला. आरओएम म्हणजे असे विजेते पुरेशा संख्येने जन्माला घालणारा. दोन्ही तऱ्हेच्या खुणा एकाच कागदावर मिसळलेल्या दिसतात. कागद कोणाच्या शिक्क्याचा आहे हे पाहिल्याशिवाय त्यांना किंमत देऊ नका.

अजून एक खोच. ‘ट्यूडर्स डिबो’ यातला ट्यूडर हा मालक. ब्रीडर तोच असेल असं नाही. कुत्रा विकला गेला की पुढचं नाव बदलतं आणि तोच कुत्रा दोन पेडिग्रींत दोन नावांनी येतो. हे लक्षात आलं नाही तर तुम्ही त्याला दोनदा मोजता किंवा नातं असूनही नातं नाही असं समजता. नावापेक्षा नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख जुळवा.

हेही लक्षात असू द्या की डीएनएने आई-बाप पडताळण्याची सोय १९९० च्या दशकातली. त्याआधीचा प्रत्येक कागद म्हणजे ब्रीडरची सही आणि त्याचा शब्द. कुंपण ओलांडून दुसराच नर आला असेल तर तो कागदावर कधीच आला नाही.

प्रश्न : ‘गेमब्रेड’ म्हणून विकलं जाणारं पिल्लू राखणीला जास्त चांगलं का?
– एक वाचक, खेड

उत्तर : नाही. ‘गेम’ म्हणजे दमला, जखमी झाला तरी माघार न घेणारा. हा गुण दुसऱ्या कुत्र्यासमोर पाहिला जाई, चोरासमोर नाही. आखाड्यात हाताळणारी माणसं आणि पंच कुत्र्यांच्या शेजारी असत, म्हणून माणसाशी मऊ असणारे कुत्रे त्यांना हवे असत. ‘माणसाला चावणारा ते ठेवतच नसत’ हे मात्र अर्धंच खरं. चावरे म्हणून ठाऊक असलेले काही नर जिंकत होते, तेव्हा त्यांच्या पिल्लांना गिऱ्हाईक होतंच.

झुंजी लावणं आपल्याकडे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये केंद्रीय कायदा आला आणि २००८ पासून झुंजी लावणं तिथल्या सगळ्या राज्यांत गंभीर गुन्हा आहे. आज ‘गेम’ सिद्ध करण्याचा कायदेशीर मार्ग या दोन्ही देशांत नाही. म्हणजे विकणारा एकतर थापा मारतो किंवा गुन्हा करतो. राखणीला आणि भुंकून जागं करायला आपला गावठी कुत्रा पुरेसा असतो, शिवाय त्याला पावसाळा मानवतो.

प्रश्न : महागाचं ‘ब्लू लाइन’ पिल्लू घेतलं. वर्षाचं झाल्यावर पाठीवरचे केस विरळ झाले, पुटकुळ्या येतात आणि पावसात वास येतो. शाम्पू तीनदा बदलला. ब्रीडर म्हणतो हवामानामुळे होतं.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ब्लू ही लाइन नाही, रंग आहे. काळा रंग पातळ करणारा अप्रभावी जनुक दोन्हीकडून आला की कुत्रा राखाडी-निळसर दिसतो. काळ्या रंगाचे दोन्ही आई-बाप तो दडवून असतील तर सरासरी चारांत एक पिल्लू ब्लू. दोघेही ब्लू असतील तर सगळीच.

अशा काही कुत्र्यांमध्ये रंगाचे कण केसात गुठळ्या करून बसतात. केस ठिसूळ होऊन मधेच तुटतो आणि मुळाला सूज येते. साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात हे दिसू लागतं. खूण अशी की फक्त निळसर भाग विरळ होतो आणि अंगावर पांढरे ठिपके असतील तर तिथले केस शाबूत राहतात. तुमच्या कुत्र्याचे पांढरे भाग नीट बघा. डॉक्टरला थोडे केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, गुठळ्या दिसतात. त्याच वेळी त्वचा खरवडून डेमोडेक्स किडा नाही ना, हेही पाहून घ्या, कारण तोही या जातीत वारंवार होतो आणि सुरुवातीला दिसायला असाच असतो.

मूळ दोष बरा होत नाही. आपल्या दमट हवेत त्यावर जिवाणू आणि बुरशी बसते, वास त्याचा. ब्रीडरचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं, पण केस हवेने गेले नाहीत. शाम्पू बदलत राहण्यापेक्षा एकच औषधी, क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू डॉक्टरने सांगितलेल्या अंतराने वापरा, फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्या आणि नंतर कुत्रा पुरता कोरडा करा. बहुतेक लोक दहा मिनिटं थांबत नाहीत, म्हणून गुण येत नाही. या कुत्र्यापासून पैदास करू नका.

‘मर्ल’ म्हणजे ठिपकेदार संगमरवरी रंगाचा पिटबुल दुर्मीळ म्हणून कोणी दाखवला तर तिथून निघा. तो रंग या जातीत बाहेरून आलेला आहे आणि यूकेसी त्याला बाद करते.

प्रश्न : माझी मादी १४ महिन्यांची आहे, दुसऱ्यांदा माजावर आलीय. तिच्याच बापाचा, दुसऱ्या आईचा एक नर जवळ मिळतोय. दोघांना लावून लाइन पक्की करावी असं मनात आहे.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : लावू नका. पहिलं कारण वयाचं. श्वान पैदास आणि विक्री नियम, २०१७ नुसार १८ महिन्यांखालील मादीपासून पैदास करता येत नाही. त्याच नियमांत ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि आठ आठवड्यांआधी पिल्लू न विकणं हेही आहे.

दुसरं कारण नात्याचं. एकाच पूर्वजाचा तोच जनुक पिल्लात दोन्हीकडून उतरण्याची शक्यता, म्हणजे इनब्रीडिंगचा आकडा, असा काढतात. पूर्वज दोन्ही बाजूंना समान असेल तर नराकडून त्याच्यापर्यंतच्या पायऱ्या आणि मादीकडून त्याच्यापर्यंतच्या पायऱ्या मोजा, त्यांची बेरीज करून एक मिळवा आणि १/२ चा तितका घात घ्या. तुमच्याकडे एक अधिक एक अधिक एक, म्हणजे १/२ चा तिसरा घात, १२.५ टक्के. सख्ख्या भावंडांत हाच आकडा २५. नर-मादी दोघांचा आजोबा एकच असेल तर दोन अधिक दोन अधिक एक, ३.१२५ टक्के. लाइन राखायचीच असेल तर या शेवटच्या प्रकारचं नातं शोधा. आमच्या मते ५ टक्क्यांच्या वर जाण्याइतकं काहीही या जातीत मिळवायचं उरलेलं नाही. आणि हा हिशोब तीन पिढ्यांच्या कागदावर केला तर तो नेहमी खऱ्यापेक्षा कमी येतो, कारण मागचे कुत्रे आधीच एकमेकांचे नातलग असतात. आठ-दहा पिढ्या लावून मोजा. आकडा फार चढला की पिल्लं कमी होतात, पोसवत नाहीत आणि दडलेले आजार वर येतात.

तिसरं कारण तपासणीचं. अॅमस्टाफ आणि पिटबुलमध्ये लहान मेंदू झिजवणारा एक आनुवंशिक आजार आहे, एनसीएल-ए. बहुधा तीन ते पाच वर्षांच्या वयात कुत्रा जिन्यावर अडखळतो, वळताना तोल जातो. तोवर त्याची दोन-तीन वेतं होऊन गेलेली असतात, म्हणूनच हा दोष जातीत राहिला. गालाच्या आतून फिरवलेल्या बोळ्यावरून डीएनए चाचणी होते. वाहक कुत्रा निरोगी असतो. त्याला निर्दोष जोडीदार दिला तर एकही पिल्लू आजारी होत नाही, सरासरी अर्धी वाहक होतात. दोन वाहक एकत्र आले तर सरासरी चारांत एक आजारी. तुमच्या मादीचा आणि त्या नराचा बाप एकच, म्हणजे तो वाहक निघाला तर, दोघांच्या आया निर्दोष धरल्या तरी, दोघेही वाहक असण्याची शक्यता चारांत एक. चाचणीशिवाय हा जुगार आहे. सोबत २४ महिन्यांनंतर खुब्याचा एक्स-रे, ब्रुसेला (गर्भपात घडवणारा संसर्ग) आणि खाली लिहिलेली बबेसियाची तपासणी, नर आणि मादी दोघांचीही.

प्रश्न : पिटबुलवर आपल्याकडे बंदी आहे की नाही?
– एक वाचक, दापोली

उत्तर : मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचं पत्र राज्यांना पाठवलं. त्यात पिटबुल आणि अॅमस्टाफ होते. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलं, हा मुख्य आक्षेप. पिल्लू आणण्याआधी तुमच्या नगरपंचायतीचा किंवा ग्रामपंचायतीचा परवान्याचा नियम लेखी विचारून घ्या. नियम काहीही असो, जनावर निष्काळजीपणे मोकळं सोडून माणसाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गडग्याची उंची म्हणून आधी वाढवा. कंबरेएवढा चिऱ्याचा गडगा हा कुत्रा धावत न येताही ओलांडतो.

प्रश्न : भारी लाइनचा नर आणला, पण दर पावसाळ्यानंतर ताप येतो, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते. इंजेक्शनने आठवडाभर बरा, पुन्हा तेच. लाइनच कमजोर आहे का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : लाइनचा दोष असेलच असं नाही. लक्षणं बबेसिया गिब्सोनी या रक्तातल्या परजीवीची वाटतात आणि पिटबुलशी त्याचं जुनं नातं आहे. गोचिडीखेरीज तो चाव्यातून, रक्तातून आणि आईकडून पोटातल्या पिल्लाला जातो. झुंजीच्या कुत्र्यांमध्ये तो असाच पसरला आणि पेडिग्रीसोबत पुढे गेला. वरून धडधाकट दिसणारा नामांकित नर तो वर्षानुवर्षं वाहत असतो.

काचेवर रक्त पसरून पाहिलं तर हा लहान परजीवी अनेकदा निसटतो, म्हणून पीसीआर चाचणी मागा. मोठ्या बबेसियाला चालणारं इमिडोकार्बचं इंजेक्शन याला नीट पुरत नाही. तुमच्याकडे ताप परत येण्याचं कारण बहुधा हेच. यासाठी अॅटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र, दहा दिवस, हा उपचार आहे. पहिलं औषध स्निग्ध जेवणासोबत दिलं तरच अंगात शोषलं जातं. उपाशीपोटी दिलेला डोस वाया जातो आणि परजीवी औषधाला सरावतो. डोस डॉक्टरने वजन करून ठरवावा. उपचार संपल्यावर दोन महिन्यांनी आणि त्यानंतर महिन्याने पुन्हा पीसीआर करा. दोन्ही वेळा निकाल स्वच्छ येईपर्यंत त्याला मादी दाखवू नका आणि त्याचं रक्त दुसऱ्या कुत्र्याला देऊ नका.

गोचीड कुत्र्यापेक्षा जागेत जास्त असते. मादी रक्त पिऊन खाली पडते आणि चिऱ्याच्या सांध्यांत, पडवीच्या वाशांत, खळ्याच्या कडेच्या भेगांत हजारो अंडी घालते. भेगा सिमेंटने बुजवा. फवारणी एकदा करून थांबू नका. अंडी नंतर फुटतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने किमान तीनदा करा. कुत्र्याला डॉक्टरच्या सल्ल्याने फ्ल्युरालॅनरची गोळी साधारण १२ आठवड्यांनी किंवा अफॉक्सोलॅनरची महिन्याने, पाऊस असो नसो, वर्षभर द्या. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचं कोणतंही औषध कुत्र्याला लावू नका. कुत्र्याला ते सोसतं. पण मांजर त्याला चाटून किंवा नुसतं अंगाला अंग लावूनही झटके येऊन मरू शकतं.